मीठ पलीकडे नेणाऱ्या बाई

आधी उपकार लिहिते, मग काय झालं ते. झालेलं लिहिता लिहिता उपकार राहून जातील अशी मला भीती वाटते, आणि भीती माझ्या अंगात जरा जास्तच आहे.

पहिले उपकार बाईंचे. आज मी या समुद्रकाठच्या शहरात आहे. इथं माझ्या भाषेत 'जेवलीस का' विचारणारं कुणी नाही, पण एका मोठ्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुण्याच्या विभागात माझी कायमची नोकरी आहे. ती बाईंच्या एका चिठ्ठीमुळं. दुसरे उपकार दूध संघातल्या मामांचे. दुष्काळातल्या एका उन्हाळ्यात त्यांनी आम्हाला रोज बर्फ दिला. नावं लिहीत नाही. मामांना चाललं असतं, बाईंना नाही. त्या म्हणायच्या, "नाव कशाला? काय केलं ते लिही. कुणी केलं ते वळखू येतं."

माझी शाळा पाचवीपर्यंत. आष्टीकडचं आमचं गाव. दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला. अर्धं वर्ष शाळेत आणि अर्धं वर्ष फडात, असं करता करता एक दिवस शाळेतलं अर्धं सुटलंच. तेव्हा पुढं जे शास्त्रातलं लिहिते त्यात चुकलं असेल ते माझं, बरोबर असेल ते बाईंचं.

बाई बीडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. तेलगावच्या बाजूच्या खेड्यातल्या, सुट्टीत कापूस वेचून शिकलेल्या, पुढं हैदराबादेतून मोठी पदवी आणलेल्या. लग्न केलं नाही. वर्गात पुस्तकातलं मराठी बोलायच्या, प्रयोग रंगात आला की गावाकडचं. उंचीनं माझ्या खांद्याला लागायच्या. पायात पोरांचे पांढरे कॅनव्हासचे बूट, साडी घोट्याच्या वर खोचलेली, आणि उन्हाळ्यात कपाळाला टॉवेलची पट्टी बांधलेली. ती पट्टी बघून नवी पोरं हसायची. पट्टी होती ती घाम भांड्यात पडू नये म्हणून.

"घाम म्हंजे खारं पाणी," त्या सांगायच्या. "ह्या खोलीत मीठ येता कामा न्हाई."

त्यांच्या खोलीत लोणच्याला बंदी होती, भज्यांना बंदी होती. कुणी शेंगदाणे खाऊन आलं तर दारातच हात धुवायला लावायच्या, मग तो प्राचार्य का असेना. मी पहिल्याच आठवड्यात एक चंबू फोडला आणि रडायला लागले. वाटलं, गेली नोकरी. बाईंनी माझं कोपर धरलं आणि मला सरळ व्हरांड्यात नेऊन उभं केलं.

"हितं रड. डोळ्याच्या पाण्यात क्लोराइड आसतं."

मी रडले. त्या शेजारी उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं विचारलं, "साधारण किती येळ लागतो?" टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात एक स्टूल आलं. पोरं त्याला 'रडायचं स्टूल' म्हणायची, आणि परीक्षेच्या दिवसांत ते रिकामं नसायचं.

मला नोकरीवर घेतलं तेही असंच. उसाच्या गाडीचं चाक पायावरून गेलं, फडातलं काम संपलं, माझे मालक तोडीला गेले आणि मी लेकीला घेऊन बीडात भांडी घासायला राहिले. कॉलेजात काच धुणारी बाई पाहिजे असं कळलं म्हणून गेले. बाईंनी कागद मागितला नाही. विचारलं, "पाणी नसलं की परात कशी धुतीस?"

म्हटलं, "आधी राखेनं घासायची. मग तीन घमेली. पैल्यात खरकटं, दुसऱ्यात राख, तिसऱ्यात नुसतं खळबळायचं."

"तिसऱ्यातलं पाणी?"

"उद्याचं दुसरं. आन पैल्यातलं शेळीला."

"उद्यापासून ये," म्हणाल्या. तीन घमेल्यांची गोष्ट पुढं आमच्या दोघींच्या गळ्याशी आली. ते सांगतेच.

बाई काय करतात हे गावात कुणाला नीट माहीत नव्हतं. कुणी म्हणे साबण करतात, कुणी म्हणे बाँब. मी एकदा धीर करून विचारलं. त्यांनी उलट मलाच विचारलं, "फोडणीच्या तेलात मीठ टाकलं तर इरघळतं का?"

"न्हाई. तळाला बसतं."

"बराबर. तेलाला मीठ नको आसतं. आता आपलं अंग म्हंजे बारीक बारीक पिशव्या. दिसत न्हाईत येवढ्या बारीक. पिशवीची भित तेलकट हाय. म्हणून आतलं मीठ बाहेर आन बाहेरचं आत आपल्या आपण जात न्हाई. त्येच्यासाठी भितीत दारं आसत्यात. पर काही लेकरं आशी जल्मतात की त्यांचं मिठाचं दारच उघडत न्हाई. मग छातीत चिकट बडखा साचतो. कपाळाचा मुका घेतला तर खारट लागतो."

"मग त्यांनी काय करायचं?"

"दार उघडत नसंल तर माणूस पाठवायचा. मिठाला पदराखाली घिऊन भितीतून पल्याड नेणारा. बाहेरून तेलकट, म्हंजे भित आडवणार न्हाई. आतून मिठाचा हात धरणारा. तसला माणूस आयता मिळंना, म्हणून मी बनवती."

"तुमच्या घरी आहे का कुणी असं लेकरू?"

"कावून? घरात आसल्याबिगर करू ने का?"

मी पुन्हा काच धुवायला लागले.

ही माणसं म्हणजे बाईंचे रेणू. डाळीएवढी पांढरी भुकटी, काचेच्या बाटलीत, वर नंबर. बाई त्यांना 'पोरं' म्हणायच्या आणि पोरांसारखीच त्यांची गाऱ्हाणी सांगायच्या. आठ नंबर आळशी. अकरा नंबर पाण्यात पडला की गोळा होऊन बसतो. "आन हा बारा नंबर. मिठाला धरतो लई घट्ट, पर पल्याड गेल्यावर सोडीतच न्हाई. आमच्या थोरल्या काकासारखा."

पोरांची परीक्षा घ्यायची रीत मला पाठ झाली होती. अंड्याच्या बलकातली चरबी काढायची, तिचे डोळ्याला न दिसणारे बुडबुडे करायचे. बुडबुड्याच्या पोटात मिठाचं पाणी, बाहेर क्लोराइड नसलेलं पाणी. त्यात गव्हाच्या दाण्याहून थोडा मोठा लोहचुंबक फिरत राहायचा, ढवळायला. एक कांडी बुडवलेली असायची. बाहेरच्या पाण्यात क्लोराइड किती आलं ते ती सांगायची आणि कागदावर रेषा उमटायची. पोराला स्पिरिटमध्ये विरघळवून एक थेंब टाकायचा. रेषा चढली तर पोरानं मीठ पलीकडे नेलं. सपाट राहिली तर नाही नेलं. शेवटी साबणाचा थेंब टाकला की सगळे बुडबुडे फुटायचे, रेषा टोकाला जायची, म्हणजे एकूण किती मीठ आत होतं ते कळायचं.

बाईंच्या घरात अंडं शिवत नसत. पण दर शनिवारी स्वतः जाऊन ट्रे आणायच्या. दुकानदार म्हणायचा, "बाई, तुमी माळकरी, आन हे?" त्या म्हणायच्या, "मी खात न्हाई, मोजती." पांढरं सगळं माझ्या लेकीसाठी डब्यात भरून द्यायच्या.

एकदा शिपाई कपिलधारला जाऊन आला. धबधबा आटलेला, तरी कुंडातलं तीर्थ बाटलीत आणलं होतं, बाईंसाठी मुद्दाम. बाईंनी बाटली घेतली, कांडी धुतली आणि थोडं तीर्थ वाटीत घेऊन त्यात बुडवली. शिपायाचं तोंड उतरलं. बाईंनी आकडा वाचला, वहीत लिहिला, मग राहिलेलं तीर्थ ओंजळीत घेऊन डोळ्याला लावलं आणि प्यायल्या. "आपल्या नळापरीस चांगलं हाय," म्हणाल्या. शिपाई ते महिनाभर सगळ्यांना सांगत होता, देवाचं पाणी मशीनमध्ये पास झालं म्हणून.

आणखी एक त्यांची तऱ्हा. प्रयोगाची जशी वही असते तशी त्यांनी मला धुण्याची वही दिली. कोणतं भांडं, कधी धुतलं, कशानं, कशानंतर. मी म्हटलं, मला लिहायला येत नाही धड. त्या म्हणाल्या, "चित्र काढ." मग मी चित्रं काढायला लागले. भांड्याचं चित्र, पोराचा नंबर, आणि त्या दिवशी रेषा कशी आली ते बाजूला. चढली तर चढती, सपाट तर सपाट. कॉलेजातल्या दुसऱ्या सरांनी एकदा ती वही बघून हसत विचारलं, "मॅडम, हे कुठलं संशोधन?" बाई म्हणाल्या, "तुमच्याकडं आशी वही हाय का? न्हाई ना? मग तुमचे आकडे कुणाच्या भरवशावर?" सर परत आमच्या खोलीत आले नाहीत.

त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. बीडला नळ पंधरा दिवसांनी यायचा, कॉलेजात टँकर. रसायनाच्या खोलीत पाणी नसलं की काही चालत नाही. काही उकळायचं म्हटलं की वाफ गार करणाऱ्या नळीतून तासन् तास पाणी वाहावं लागतं. बाईंनी कूलरचा जुना पंप काढला, टपात ठेवला, तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवलं. पाणी तापायचं, म्हणून बर्फ पाहिजे. बर्फ होता दूध संघात. मी रोज सकाळी घमेलं घेऊन जायची. तिथले मामा पहिल्या दिवशी हाताखालच्या गड्याला म्हणाले, "दे बे तिला दोन लाद्या. त्यांच्या बाईंचं डोकं लई तापलंय म्हणं." मग मला हळूच विचारलं, "पोरी, तुमच्या बाई खरंच आवशीद करत्यात?"

म्हटलं, "आवशीद न्हाई अजून. आवशीदाचा हमाल."

"हमाल बी मोठा माणूस आसतो," मामा म्हणाले, आणि तिसरी लादी दिली.

पाण्याचं असं निभावलं. स्पिरिटचं निभेना. ते सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतून परवान्यावर यायचं. ऊसच नव्हता, कारखाना जानेवारीतच बंद पडला. उरलं ते दोन कॅन. बाईंची पोरं तेलकट, नुसत्या पाण्यानं काचेवरून निघत नाहीत. शेवटचा हात स्पिरिटचाच लागतो. मी म्हटलं, "बाई, आपुन परातीसारखं करू. तीन वाट्या. तिसरीतलं उद्या दुसरीत, दुसरीतलं पैलीत. आठवड्याला बदलू."

बाईंनी दोन दिवस वापरून बघितलं. मग एम.एस्सी.च्या पोरांना बोलावून माझ्या तीन वाट्या दाखवल्या. "हिला म्हणतात डोकं," म्हणाल्या. मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी घरी जाऊन लेकीला दोनदा सांगितलं.

त्यातच संस्थेच्या चेअरमनसाहेबांनी निरोप धाडला. तेच दूध संघाचे चेअरमन, तालुक्यातले मोठे बागायतदार. वसतिगृहात मुलींना पाणी पुरत नाही, आणि रसायनाच्या एका खोलीला टँकरमधून टाकी भरून मिळते, हे काही बरोबर नाही. जूनपर्यंत काही निष्पन्न झालं तर ठीक, नाहीतर खोली बंद करून तिथं वसतिगृहाच्या टाक्या. चेअरमन वाईट माणूस नव्हते. मुलींच्या बादल्या मीही बघत होते. पण खोली बंद म्हणजे बाईंचं बारा वर्षांचं काम बंद, आणि माझी भाकरी बंद.

आणि एप्रिलात एकतीस नंबर आला.

रोज सकाळी बाई आधी सतरा नंबर लावायच्या. तो जुना, ओळखीचा; भरपूर टाकला की हमखास चढायचा. यंत्र नीट आहे ना ते बघायला त्याचा उपयोग. त्यानंतर नवं पोर. एकतीस लावला आणि रेषा अशी चढली की बाई स्टुलावरून उठल्या. एवढासा थेंब, आणि सतराच्या तोडीस तोड! दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. बाईंचं एक ठरलेलं बोलणं होतं, "एकदा झालं म्हंजे झालं न्हाई. तीनदा झालं म्हंजे बी न्हाई. आपल्याला खोटं पाडाया कुणी यिऊन करावं, आन तरी व्हावं, मग झालं." पण जून जवळ आला होता, आणि आठ वेळा चढल्यावर त्याही हसल्या. हैदराबादेत शास्त्रज्ञांची मोठी बैठक होती, तिथं कळवायचं ठरलं. चेअरमनना कळलं. खोली राहणार असं जवळजवळ नक्की झालं.

मग तो सोमवार.

आदल्या रविवारी माझ्या लेकीनं रॉकेलचं नरसाळं चुकून भांड्यांच्या घमेल्यात टाकलं होतं. मी नरसाळं काढलं, भांडी तशीच खळबळली. सोमवारी डब्यातल्या भाकरीला रॉकेलचा वास. भाजीला वास. झाकणाला वास. एका नरसाळ्यानं घरभर भांडी नासवली होती.

त्याच सकाळी मी वाट्यांतलं स्पिरिट बदललं होतं. बाईंना वर्गावर जायची घाई. सतरा लावायचं राहून त्यांनी थेट एकतीस लावला. रेषा सपाट. साबण टाकेपर्यंत सपाट. बाई म्हणाल्या, "बुडबुडे शिळे झालेत." वर्गावरून आल्यावर दुसऱ्या बाटलीतले घेतले, आधी सतरा लावला, मी भांडं आणि चुंबक धुऊन दिला, मग एकतीस. दोन्ही चढले. "बघ, बुडबुडेच," म्हणाल्या.

दुपारी मी तो वासाचा डबा उघडून बसले, पुढ्यात धुण्याची वही. आणि मी मागची पानं उलटत गेले. जेव्हा जेव्हा चढला, तेव्हा एकतीस लागला होता तो सतराच्या मागून. त्याच भांड्यात, त्याच चुंबकानं, माझ्या त्याच तीन वाट्यांतून निघालेल्या. एकदाच सतराच्या आधी लागला, कोऱ्या वाट्यांवर, आणि तेव्हाच सपाट. सतरा माझ्या वाट्यांत उतरला होता, रॉकेलसारखा. चढत होता तो सतराच. एकतीस नुसता उभा होता.

मी त्या सपाट रेषेभोवती पेन्सिलीनं गोल काढला. आणि वही मिटली.

मंगळवारी सांगितलं नाही. मनाला म्हटलं, पाचवी शिकलेल्या बाईला काय कळतं. बुधवारी सांगितलं नाही. माझी पद्धत, माझं नाव, माझी नोकरी, लेकीची शाळा, सगळं डोळ्यांपुढं यायचं. बुधवारीच बाईंनी हैदराबादचं पत्र टपालात टाकलं. बुधवारीच चेअरमनच्या माणसांनी कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लावला. वर चेअरमन मोठे, खाली कोपऱ्यात बाई, आणि मधे लाल अक्षरात, 'छातीच्या आजारावर बीडच्या कन्येचा शोध'.

गुरुवारी सकाळी बर्फ घेऊन येताना बघितलं, फाटकापाशी एक बाई उभी होती. कडेवर लेकरू, त्याचा श्वास घरघरत होता. ती वॉचमनकडून फ्लेक्स वाचून घेत होती. मला बघून म्हणाली, "ताई, हे हितंच मिळतंय का? का दवाखान्यात?"

मी म्हटलं, "अजून न्हाई निघालं, ताई. लेकराला दवाखान्यात न्या." आणि तशीच खोलीत गेले. घमेलं खाली ठेवलं, वही उघडली आणि बाईंपुढं धरली.

"बाई, एकतीस चढत न्हाई. माझ्या वाट्यांत सतरा हाय."

बाईंनी वही घेतली. एकेक पान बघितलं. गोल काढलेल्या पानावर थांबल्या. वर वार लिहिला होता, सोमवार. मी वार लिहायला त्यांच्याचकडून शिकले होते. त्यांनी वार बघितला. मग पान उलटलं. त्या दोन दिवसांबद्दल त्या तेव्हा काही बोलल्या नाहीत, पुढंही कधी नाही.

"चुंबक आन," म्हणाल्या. "तुझ्या वाट्यातला."

बुडबुडे घेतले, चुंबक टाकला, कांडी लावली. "आता कुणालाच टाकायचं न्हाई," म्हणाल्या. नुसत्या कोऱ्या स्पिरिटचा थेंब टाकला, आत कुठलंच पोर नसलेला. आम्ही दोघी बघत राहिलो. रेषा चढायला लागली. सावकाश, पण चढतच राहिली. बाईंनी मधेच थांबवलं नाही. सगळा प्रयोग रीतसर पुरा केला, शेवटी साबण टाकला, वहीत लिहिलं, 'रिकामं. तरी चढलं.' तारीख, वार, सही. मग वही माझ्याकडं सरकवली. "तुझी बी सही कर."

मी सही केली. विचारलं, "बाई, मी उद्यापासून येऊ का नको?"

"उद्यापासून? आत्ता कुठं निघालीस? बर्फ इरघळतोय."

दुपारी चेअरमन आले. त्यांना बाईंनीच बोलावलं होतं. कोचावर टेकता टेकता म्हणाले, "मॅडम, फ्लेक्स बघितला का? फोटो जरा बारीक आला तुमचा."

"उतरवा तो. एकतीस खोटा निघाला."

चेअरमन माझ्याकडं बघून म्हणाले, "धुणारणीची चूक?"

"पद्धत तिची. मी बघितली, मी मान्य केली, पोरांना बोलावून मीच वाखाणली. चूक माझी. आन सापडवली तिनं. तुमच्या अख्ख्या संस्थेत येवढी चूक सापडवणारं दुसरं माणूस दाखवा."

"तसं न्हाई मॅडम. मी काय म्हणतो, हैदराबादला बोलून या. कोण बघायला येतंय हितं बीडात?"

"मी बघितलंय ना."

"आवो, अख्ख्या तालुक्यात झालं. लोक काय म्हणतील मला?"

"म्हणा, बाईंनी सांगितलं आन मी ऐकलं. साहेब, तुमच्या संघात दूध नासलं तर तुमी कॅन वतून देता का गिऱ्हाइकाला वाटता?"

चेअरमन हसले, पण उगाच. "फ्लेक्सचं काय करू आता?"

"मागनं कोरा आसतो. गोठ्यावर टाका, सावली व्हईल."

उठताना ते म्हणाले, "महिनाभर खोली ठेवतो. त्याच्यापुढं माझ्यानं व्हायचं न्हाई. मुली पाण्याविना हायेत." बाई म्हणाल्या, "महिना पुरंल." त्याच दिवशी हैदराबादला दुसरं पत्र गेलं. आधीचं मागं घ्यावं, आणि का ते एका ओळीत. ती ओळ त्यांनी मला वाचून दाखवली. 'आमच्या धुण्याच्या पद्धतीत दोष होता.' आमच्या, असं लिहिलं होतं.

त्या महिन्यासारखं काम मी कधी केलं नाही, फडातसुद्धा नाही. नवं स्पिरिट मिळणार नव्हतं. बाई म्हणाल्या, "जुनंच उकळू. स्पिरिट वाफ व्हऊन पल्याड जाईल, पोरं खाली राहतील." रोज तेवढंच स्पिरिट उकळायचं, बर्फावर गार करून कोरं करायचं, त्यानंच धुवायचं, पुन्हा उकळायचं. तळाला पिवळट चकती उरायची. बाई ती खरवडून बाटलीत ठेवायच्या. सतराची भांडी वेगळी, एकतीसची वेगळी, रिकाम्याची वेगळी. चुंबकांना रंगीत दोरे बांधून डब्या केल्या. आधी रिकामं लावायचं; ते सपाट आलं तरच पुढचं. नाही आलं तर पुन्हा धू. कितीदा तरी धू. एकदा सलग पाच वेळा रिकामं चढलं. मला वाटलं, बाई आता हात टेकणार. त्या म्हणाल्या, "सहाव्यांदा तू बस कांडीला, मी धुती."

मामांना मी सगळं सांगितलं होतं. ते रोज विचारायचे, "पोरी, आज रिकामं बसलं का गप?" बसलं म्हटलं की गड्याला म्हणायचे, "दे बे, मोठी लादी दे."

एकतीस सपाट निघाला. तीस दिवसांत एकदाही चढला नाही. बाईंनी त्याच्या बाटलीवर लिहिलं, 'गरीब स्वभावाचा.' पण मग त्यांच्या ध्यानात जे आलं त्याचं मला आजही नवल वाटतं. वाटीतून उतरलेला, धुऊन धुऊन उरलेला सतरा किती असणार? नखावर दिसणारही नाही इतका. आणि तेवढ्यानं मीठ पलीकडे नेलं होतं. इतकी वर्षं बाई त्याला भरपूर टाकत होत्या, फक्त यंत्र तपासायला. कमी टाकून बघावं असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. शेवटच्या आठवड्यात सतरा थेंबाच्या थेंबात पातळ करून लावला. चढला. पुन्हा लावला. पुन्हा चढला. रिकामं सपाट, सतरा चढता. दुसरीकडच्या एका प्रयोगशाळेला बाटली पाठवली, तिथंही चढला. तो काही औषध झाला नाही. पाण्यात नीट उतरत नाही, अजून लई करायचं राहिलंय, असं बाई म्हणायच्या. पण तेवढं खरं ठरलं.

खोली तरीही गेली. जूनमध्ये तिथं टाक्या आल्या आणि मुलींना पाणी मिळालं. बाईंनी स्वतः कपाटं हलवली. पुढं दूध संघाच्या मागच्या एका खोलीत त्यांनी बस्तान मांडलं. चेअरमननीच दिली, एका अटीवर. टंचाईत कोण पाणी घालून, ते लपवायला वर मीठ टाकलेलं दूध घालतं ते कांडीनं ओळखून द्यायचं. सकाळी दूध, दुपारी सतरा. माझी कॉलेजातली जागा खोलीबरोबर संपली. बाईंनी त्यांच्या एका ओळखीच्या शास्त्रज्ञांना, या समुद्राच्या शहरात, चिठ्ठी लिहिली. मी ती वाटेत उघडून वाचली, त्याबद्दल मला माफ करा. लिहिलं होतं, 'हिला धुता येतं. आणि चुकलं तर येऊन सांगता येतं.'

येऊन सांगता येतं. कधी सांगितलं ते लिहिलं नव्हतं.

बाई, तुम्ही आता निवृत्त झालात आणि संघाच्या खोलीत एकट्याच बसता, असं मामांच्या पोरानं फोनवर सांगितलं. काच स्वतः धुता म्हणे. लेकीचं शेवटचं वर्ष आहे, ती आपल्या पायावर उभी राहिली की मी येणार आहे. एक अख्खं वर्ष तुमची काच धुणार. पगार घेणार नाही, तुम्ही दिला तरी नाही. तुम्ही बावन्न नंबर करा, साठ करा. मी आधी रिकामं लावीन. आणि माझं काही चुकलं तर त्याच दिवशी सांगेन, बाई. दोन दिवस लावणार नाही.